फुलाच्या साक्षीवर उभे राहिलेले कुल

1742 साली उप्साला विद्यापीठातला माग्नुस झिओबर्ग नावाचा विद्यार्थी स्वीडनच्या रोसलागेन किनाऱ्यासमोरच्या एका बेटावर वनस्पती गोळा करत होता. तिथे त्याला एक रोप दिसले. पाने लिनारियाची, खोड लिनारियाचे, वाससुद्धा तोच. फूल मात्र भलतेच. युरोपात शेताच्या बांधांवर सर्रास उगवणाऱ्या लिनारियाच्या पिवळ्या फुलाला दोन ओठ असतात. वरचा ओठ दोन पाकळ्यांचा, खालचा तीन पाकळ्यांचा, आणि खालच्या अंगाने मागे गेलेली मधाची एक नळी. झिओबर्गला मिळालेल्या फुलात वरचे-खालचे असे काही उरलेच नव्हते. पाचही पाकळ्या सारख्या, मधाच्या नळ्या पाच, पुंकेसरही पाच.

वाळवलेला तो नमुना ओलोफ सेल्सिउस यांच्यामार्फत कार्ल लिनिअस यांच्यापर्यंत पोहोचला. कोणीतरी गंमत म्हणून दुसऱ्या झाडाची फुले चिकटवली असावीत, असे लिनिअसना आधी वाटले. नमुना खरा आहे याची खात्री पटल्यावर ते अस्वस्थ झाले. त्यांनी वनस्पतींची जी व्यवस्था लावली होती, ती पुंकेसरांच्या संख्येवर आणि लांबीवर उभी होती. दोन लांब आणि दोन आखूड असे चार पुंकेसर असलेला लिनारिया एका वर्गात बसत होता. पाच सारख्या पुंकेसरांचे हे रोप त्याच नियमाने दुसऱ्याच वर्गात जायला हवे होते. म्हणजे एकाच पानाखोडाचे रोप फूल बदलले म्हणून दूरच्या परक्यांत जाऊन बसणार. लिनिअसनी त्याला ग्रीक भाषेतून ‘पेलोरिया’, म्हणजे राक्षसी रूप, असे नाव दिले आणि 1744 मध्ये त्यावर स्वतंत्र प्रबंध काढला. फुलाच्या रूपावर किती विसंबावे, हा प्रश्न त्या प्रबंधात उघडपणे पुढे आला. त्याचे उत्तर मिळायला अडीचशे वर्षे लागली, आणि त्या अडीचशे वर्षांत याच फुलाच्या भरवशावर वनस्पतिशास्त्रातले एक विशाल कुल बांधले गेले आणि मोडलेही गेले. ते कुल म्हणजे स्क्रोफ्युलारिएसी.

कुलाला नाव देणारी वनस्पती अगदी साधी आहे. स्क्रोफ्युलारिया नोडोसा, इंग्रजांची फिगवर्ट, ही युरोपातल्या ओलसर रानांत आणि ओढ्याकाठी वाढते. खोड चौकोनी, वास उग्र, फुले नखाएवढी, हिरवट तपकिरी. मधासाठी तिच्याकडे गांधीलमाश्या येतात. जमिनीखालच्या तिच्या कंदाला गाठी असतात, आणि त्या गाठींमुळेच ती वैद्यकात शिरली. वनस्पतीच्या रूपातच तिच्या उपयोगाची खूण असते, असे मध्ययुगीन युरोपातले वैद्य मानत. गाठींची वनस्पती गाठींच्या रोगावर चालणार, या हिशेबाने ती गंडमाळेवर दिली जाई. मानेतल्या लसीका ग्रंथी क्षयामुळे सुजून फुटतात तो हा रोग. लॅटिनमध्ये त्याला स्क्रोफ्युला म्हणत आणि त्यावरून वनस्पतीचे नाव पडले. इंग्लंड-फ्रान्समध्ये राजाच्या हस्तस्पर्शाने हा रोग बरा होतो अशी श्रद्धा होती. पुढे शब्दकोशकार म्हणून गाजलेल्या सॅम्युअल जॉन्सन यांना लहानपणी, 1712 साली, याच रोगासाठी राणी ॲनसमोर नेण्यात आले होते. राणीच्या स्पर्शाने गुण आला नाही. कंदाच्या गाठीनेही क्षयाची गाठ विरघळत नव्हती. वनस्पतीच्या बाह्य रूपावरून तिच्या आतल्या गुणाचा निष्कर्ष काढण्याची ही पहिली चूक. तीच चूक पुढे अधिक सूक्ष्म रूपात शास्त्रानेही केली.

लिनिअसच्या व्यवस्थेत शोधणे सोपे होते, पण नात्याचा पत्ता लागत नव्हता. फिगवर्टच्या फुलात चार पुंकेसर काम करतात आणि पाचव्याची फक्त खवल्यासारखी खूण उरते. हिमालयातही वाढणाऱ्या, उंच पिवळ्या तुऱ्यांच्या व्हर्बास्कमला पाचही पुंकेसर असतात. म्हणून लिनिअसनी या दोघांना वेगळ्या वर्गांत टाकले. पॅरिसमध्ये आंत्वान लोरां द जूसिय यांनी 1789 मध्ये ‘जेनेरा प्लांटारम’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली ते हेच वर्ष. एकाच लक्षणावर न थांबता अनेक लक्षणे एकत्र तोलून त्यांनी वनस्पतींची शंभर कुले लावली. पण या दोन ओठांच्या फुलांपाशी तेही अडखळले. त्यांनी त्यांची दोन कुले केली, एक स्क्रोफ्युलारियाचे आणि एक पेडिक्युलारिसचे. व्हर्बास्कमला त्यांनी वांगे-धोत्र्याच्या कुलात ठेवले. 1810 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सफरीवरून आणलेल्या वनस्पतींवर लिहिताना रॉबर्ट ब्राउन यांनी जूसिय यांची ती दोन कुले एक केली. विशाल स्क्रोफ्युलारिएसी कुलाचा पाया इथे पडला.

त्या पायावर इमारत चढवली जॉर्ज बेंथम यांनी, आणि त्या इमारतीची पहिली सामग्री हिंदुस्थानातून गेली होती. कलकत्त्याच्या बागेचे प्रमुख नाथानिएल वॉलिच 1828 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा प्रचंड वनस्पतिसंग्रह घेऊन लंडनला पोहोचले. त्यांच्या यादीत नऊ हजारांहून अधिक नोंदी होत्या. एकट्याने हे काम उरकणे शक्य नसल्याने त्यांनी नमुने युरोपभरच्या अभ्यासकांत वाटले. बेंथम हे तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांचे पुतणे. वकिली सोडून ते वनस्पतींत रमले होते. तुळशीच्या कुलाबरोबर हे कुलही त्यांनी आपल्याकडे घेतले. वॉलिच यांचा संग्रह आणि सहारनपूरच्या बागेत काम केलेले जॉन फोर्ब्स रॉयल यांनी जमवलेले नमुने यांवर आधारलेली ‘स्क्रोफ्युलारिनी इंडिकी’ ही त्यांची पुस्तिका 1835 मध्ये निघाली. तिच्यात भारतीय जातींच्या यादीबरोबर संपूर्ण कुलाच्या रचनेचा विचारही होता. हिमालय, बंगाल आणि दख्खनच्या या वनस्पती समोर नसत्या, तर केवळ युरोपातल्या नमुन्यांवरून ही रचना सुचली नसती. 1846 मध्ये द कांदोल यांच्या जागतिक ग्रंथमालेच्या दहाव्या खंडात बेंथमनी साऱ्या जगातले स्क्रोफ्युलारिएसी मांडले. त्यानंतर तीस वर्षांनी, 1876 मध्ये, जोसेफ हूकर यांच्याबरोबरच्या ‘जेनेरा प्लांटारम’मध्ये तीच मांडणी पक्की झाली.

बेंथम यांच्या नजरेची धार कळायला त्यांनी निवडलेले एक लक्षण पाहावे. कळी उमलण्यापूर्वी पाकळ्या एकमेकींवर कशा मिटलेल्या असतात, हे त्यांनी तपासले. काही फुलांत वरच्या ओठाच्या पाकळ्या बाहेरून बाजूच्या पाकळ्यांना झाकतात. त्या फुलांचा त्यांनी एक उपविभाग केला. इतर काहींमध्ये खालची किंवा बाजूची पाकळी बाहेर येते आणि वरच्या पाकळ्या आत राहतात. त्यांचा दुसरा उपविभाग झाला. वाळलेल्या, चपटलेल्या नमुन्यातली कळी पाण्यात भिजवून, सुईने उलगडून हे पाहावे लागते. हजारो नमुन्यांवर बेंथमनी ते केले.

तरीही या कुलाच्या व्याख्येत एक दुबळा धागा होता. फूल दोन ओठांचे, पण फळाचे तुळशीसारखे चार तुकडे होत नाहीत. बियांना अडुळशाच्या बियांसारखा आकड्याचा आधार नाही. टेटू-पाडळीसारखे मोठे वृक्ष आणि पंखांच्या बिया नाहीत. वांग्यासारखे फूल सगळीकडून सारखे नाही. शेजारच्या प्रत्येक कुलाची ठळक खूण बाजूला काढल्यावर जे उरले, ते स्क्रोफ्युलारिएसीत आले. दोन खणांचे बोंड आणि त्यात पुष्कळ बारीक बिया, ही त्याची खूण. पण तीही खूप जुन्या पूर्वजांकडून आलेली, अनेकांकडे सारखीच टिकून राहिलेली. या पद्धतीने जमलेला गोतावळा वाढत वाढत सुमारे 275 प्रजाती आणि पाच हजारांवर जातींपर्यंत पोहोचला. त्यात बागेतला स्नॅपड्रॅगन होता. विल्यम विदरिंग यांनी 1785 मध्ये ज्यावर ग्रंथ लिहून हृदयविकाराच्या औषधोपचारात आणला, तो डिजिटॅलिस होता. पाणथळ जागेत पसरणारी, स्मरणशक्तीसाठी घेतली जाणारी ब्राह्मी म्हणजे बकोपा होती. आणि दुसऱ्या वनस्पतीच्या मुळांतून अन्न चोरणाऱ्यांचा मोठा जथाही त्यात होता.

या चोरांची खबर शास्त्राला उशिरा लागली. त्यांना हिरवी पाने असतात, त्यामुळे वरून संशय येत नाही. बेंथमचा खंड निघाला त्याच्या पुढच्याच वर्षी, 1847 मध्ये, फ्रान्सचे जोझेफ दकेन यांनी दाखवून दिले की याच कुलातल्या ऱ्हिनान्थस आणि त्याच्या नातलगांच्या मुळांना चोषक असतात आणि ते शेजारच्या गवताच्या मुळांना चिकटतात. आपल्याकडच्या शेतकऱ्याला मात्र यासाठी शास्त्रज्ञाची वाट पाहावी लागली नव्हती. ज्वारीच्या फडात टारफुला उगवला की कणीस भरत नाही, हे दख्खनचा शेतकरी पिढ्यानपिढ्या सांगत आला आहे. टारफुला म्हणजे स्ट्रायगा. त्याच्या बिया धुळीएवढ्या बारीक असतात आणि जमिनीत वर्षानुवर्षे निपचित पडून राहतात. यजमान पिकाच्या मुळातून झिरपणारे रसायन जवळ आले तरच त्या रुजतात. असे पहिले रसायन, स्ट्रिगॉल, 1966 मध्ये कापसाच्या मुळांपासून वेगळे करण्यात आले. हरितद्रव्य पूर्णपणे गमावलेला, तंबाखूच्या पिकातला बंबाखू, म्हणजे ओरोबँकी, मात्र जुन्या पुस्तकांत वेगळ्या कुलात होता. पान हिरवे की नाही, यावरून ही सीमा आखली होती. टारफुला हिरवा म्हणून स्क्रोफ्युलारिएसीत, बंबाखू फिकट म्हणून ओरोबँकेसीत.

याच रचनेवर महाराष्ट्राच्या वनस्पतींची पुस्तके लिहिली गेली. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांची मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची 1901 ते 1908 या काळात निघाली. तिच्यात टारफुला, ब्राह्मी, पठारांवर पावसाळ्यात पांढऱ्या लांब नळीची फुले धरणारी तुतारी, बागेतल्या टोरेनियाचे रानातले भाऊबंद आणि जुन्या भिंतींवर उगवणारी पिवळ्या फुलांची लिंडेनबर्गिया, सगळे एकाच कुलाखाली येतात. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत बेंथम-हूकर पद्धत पिढ्यानपिढ्या शिकवली गेली आणि वनस्पतिसंग्रहांच्या कपाटांत नमुने त्याच क्रमाने लागले.

दरम्यान पेलोरियाचे कोडे एका नव्या हाती गेले. चार्ल्स डार्विन यांनी साधा स्नॅपड्रॅगन आणि पेलोरिया रूपाचा स्नॅपड्रॅगन यांचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळी फुले साध्या रूपाची आली. त्या पिढीच्या बियांपासून 127 रोपे तयार झाली. त्यांपैकी 88 साधी, 37 पूर्ण पेलोरिया आणि दोन मधल्या रूपाची होती. हे आकडे त्यांनी 1868 मध्ये प्रसिद्ध केले. मेंडेल यांचा निबंध त्याआधी दोन वर्षे छापला गेला होता. आज तीनास एकच्या जवळ जाणारे हे प्रमाण पाहताच जनुकाची खूण पटते. डार्विननी तसा अर्थ लावला नाही, पण दोन ओठांचे फूल आणि सगळीकडून सारखे फूल यांतले अंतर किती थोडे असू शकते, हे त्यांच्या वाफ्यात दिसून गेले होते. विसाव्या शतकात जर्मनीत एर्विन बाऊर यांनी याच स्नॅपड्रॅगनवर आनुवंशिकतेचा मोठा अभ्यास उभा केला आणि हे बागेतले रोप प्रयोगशाळेत स्थिरावले.

वर्गीकरणाला धक्का बसला तो 1990 च्या दशकात. डीएनएची क्रमवारी वाचणे आवाक्यात आले होते. 1993 मध्ये मार्क चेस आणि त्यांच्या अनेक सहकाऱ्यांनी हरितलवकातल्या एका जनुकाच्या आधारे 499 बीजधारी वनस्पतींचा वंशवृक्ष मांडला. हरितलवकातली जनुके पाकळीच्या आकाराशी थेट बांधलेली नसतात. म्हणूनच त्यांची साक्ष वेगळी आणि स्वतंत्र होती. 1995 मध्ये रिचर्ड ओल्मस्टेड आणि पॅट्रिक रीव्हज यांनी स्क्रोफ्युलारिएसीची अशी दोन जनुके तपासली. या कुलाचे सभासद एकाच पूर्वजाचे वंशज नाहीत, असे त्यातून दिसले. स्नॅपड्रॅगन आणि डिजिटॅलिस एका फांदीवर होते, फिगवर्ट आणि व्हर्बास्कम दुसऱ्या फांदीवर. लिनिअस आणि जूसिय या दोघांनीही परके ठरवलेले व्हर्बास्कम फिगवर्टच्या अगदी शेजारी होते.

चार वर्षांनी मुळातल्या कोड्याचा उलगडा झाला. इंग्लंडमधल्या नॉरिच येथील जॉन इनेस केंद्रात एन्रिको कोएन यांच्या गटाने स्नॅपड्रॅगनमधला सायक्लॉइडिया हा जनुक आधीच शोधला होता. हा जनुक कळीच्या वरच्या अंगाला काम करतो आणि वरच्या पाकळ्यांना खालच्यांपेक्षा वेगळे रूप देतो. 1999 मध्ये पिलार क्युबास, कोरल व्हिन्सेंट आणि कोएन यांनी पेलोरिया रूपाच्या लिनारियात त्याच जातीचा जनुक तपासला. त्यात बदल अपेक्षित होता. पण जनुकाची अक्षरे जशीच्या तशी होती. त्यावर मिथाइल गटांचा दाट थर बसला होता आणि तो गप्प झाला होता. एक जनुक बंद पडतो आणि फुलाचे वरचे-खालचे असे काही उरत नाही. लिनिअसना ज्याने दोन वर्गांच्या मधोमध उभे केले, ते अंतर प्रत्यक्षात इतके कमी होते.

या दोन संशोधनांचा अर्थ एकत्र लावला की कुलाचा सारा इतिहास उजळतो. दोन ओठांचे फूल हे मधमाश्या आणि भुंगे यांच्याशी जमलेल्या देवाणघेवाणीतून घडते. त्या रूपाकडे जाणाऱ्या आणि त्यापासून दूर नेणाऱ्या वाटा वनस्पतींच्या हाताशी असतात आणि उत्क्रांतीत त्या पुन्हा पुन्हा चालल्या गेल्या आहेत. इतक्या बदलत्या लक्षणावर रक्ताचे नाते ठरवता येत नाही. इसबगोल देणाऱ्या प्लँटॅगोचे उदाहरण घ्यावे. त्याचे परागण वाऱ्याने होते. रंग नाही, ओठ नाहीत. फुले बारीक, सुकल्यासारखी. बेंथमना त्यात स्नॅपड्रॅगनचा भाऊ दिसणे शक्यच नव्हते. डीएनएत ते नाते स्वच्छ दिसले.

2001 मध्ये ओल्मस्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन जनुकांच्या आधारे कुलाच्या विघटनाचा निबंध प्रसिद्ध केला. 39 प्रजाती तपासून किमान पाच स्वतंत्र गट वेगळे निघाले, आणि कॅल्सिओलारियासाठी नवीनच कुल करावे लागले. नंतरच्या अभ्यासांत आणखी काटछाट झाली. टोरेनिया आणि लिंडर्निया लिंडर्निएसीत गेले, मिम्युलस फ्रायमेसीत, पावलोनिया स्वतःच्या कुलात. मूळ स्क्रोफ्युलारिएसीत फिगवर्ट आणि व्हर्बास्कम राहिले. त्यांना येऊन मिळाले ते बडलेया आणि ऑस्ट्रेलियातले मायोपोरम यांसारखे, पूर्वी वेगळ्या कुलांत असलेले सोबती. आज त्या कुलात साठेक प्रजाती आणि दोन हजारांच्या आतच जाती आहेत.

स्नॅपड्रॅगन, डिजिटॅलिस, ब्राह्मी आणि इसबगोल यांच्या मोठ्या गटाला काय नाव द्यायचे, यावरही वाद झाला. नियमाने अग्रहक्क जुन्या नावाचा, आणि प्लँटॅगोवरून पडलेले प्लँटॅजिनेसी हे नाव जूसिय यांच्या 1789 च्या ग्रंथापर्यंत मागे जाते. ओल्मस्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 च्या निबंधात व्हेरोनिकेसी हे नाव वापरले. त्याआधी 1999 मध्ये जेम्स रिव्हील, वॉल्टर जड आणि ओल्मस्टेड यांनी स्नॅपड्रॅगनच्या नावाचे अँटिऱ्हिनेसी हे नाव राखावे, असा अधिकृत प्रस्ताव मांडला होता. तो मान्य झाला नाही. प्लँटॅजिनेसी हेच नाव आज सर्वत्र चालते.

विघटनातला सर्वांत मोलाचा भाग मात्र परोपजीवींचा आहे. 1999 मध्ये नेल्सन यंग, किम स्टायनर आणि क्लॉड डीपॅम्फिलिस यांनी दाखवले की अर्धवट हिरवे चोर आणि पूर्ण फिकट चोर ही सारी एकाच पूर्वजाची प्रजा आहे. मुळाला चिकटण्याची युक्ती या वंशात एकदाच साधली गेली, हरितद्रव्य मात्र पुढे अनेकदा गमावले गेले. त्यामुळे टारफुला, तुतारी आणि बंबाखू एका ओरोबँकेसी कुलात आले. या साऱ्या परोपजीवींचे सर्वांत जवळचे, स्वतःचे अन्न स्वतः करणारे नातलग म्हणून लिंडेनबर्गिया पुढे आली. किल्ल्यांच्या तटांवर आणि घाटांच्या दगडी चिऱ्यांत उगवणारी हीच ती पिवळ्या फुलांची वनस्पती. परोपजीवीपणा सुरू होण्याआधीचा पूर्वज कसा असेल याचा मागोवा घेणारे संशोधक आज तिचा अभ्यास करतात.

इथे बेंथम यांची चूक आणि त्यांची थोरवी एकदमच कळते. कळीतल्या पाकळ्यांच्या मिटणीवरून त्यांनी केलेल्या दुसऱ्या उपविभागात बहुतेक परोपजीवी एकत्र आले होते. मुळांचे चोषक त्यांना दिसले नव्हते, तरी त्यांच्या बारीक निरीक्षणाने त्या नात्याला स्पर्श केला होता. परोपजीवी नसलेले डिजिटॅलिस आणि व्हेरोनिकाही त्याच उपविभागात जाऊन बसले, हे त्या लक्षणाचे अपुरेपण. एका अवयवाची साक्ष, ती कितीही काळजीपूर्वक नोंदवली तरी, एकटी पुरत नाही. कंदाची गाठ पुरली नाही, पुंकेसरांची संख्या पुरली नाही, दोन ओठांचे फूलही पुरले नाही. टारफुल्याला शेतकऱ्याने फुलावरून ओळखले नाही, तो कसा जगतो यावरून ओळखले. डीएनएनेही शेवटी त्याच जगण्याच्या रीतीवर नात्याचे शिक्कामोर्तब केले.

ही दुरुस्ती शक्य झाली, कारण जुन्या लोकांनी नमुने जपले होते. लेबलवरचे कुल बदलले तरी कागदावर चिकटवलेले रोप बदलत नाही, आणि त्याला पुन्हा प्रश्न विचारता येतो. आपल्या कोकणातल्या सड्यांवर आणि सह्याद्रीच्या पठारांवर या मोडलेल्या घराण्याचे कितीतरी चिमुकले वंशज पावसाच्या काही आठवड्यांत उगवतात, फुलतात आणि बी टाकून संपतात. लिंडर्निया, डोपॅट्रियम, लिम्नोफिला, तुतारी ही त्यांतली काही नावे. त्यांच्या नात्यांचे बारकावे अजून तपासायचे आहेत. खाणीसाठी, रस्त्यांसाठी, बांधकामांसाठी एखादा सडा खरवडला गेला की तिथली साक्ष कायमची बंद होते. स्क्रोफ्युलारिएसीचा इतिहास वाचून एक गोष्ट पक्की होते. नावे चुकली तरी चालतात, कारण ती पुढे सुधारता येतात. झाडे मात्र त्यांच्या जागी राहिली पाहिजेत, आणि त्यांचे नमुने संग्रहांत नीट जपले पाहिजेत. आज महाविद्यालयांत बेंथम-हूकर शिकणाऱ्या मुलांना त्या क्रमाबरोबर ही हकिकतही शिकवली, तर पठारावरच्या बोटभर रोपाकडे ती जास्त आदराने पाहतील.